हजारो कामगारांच्या कारखान्यात मन लावून काम करणाऱ्या एका ऑपरेटरमुळे खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि सगळ्यात आधी तो मशीनच्या ब्रेकडाउनमध्ये दिसतो. बेअरिंग सहसा एकाएकी जात नाही. आधी आवाज बदलतो, हाउसिंग (बेअरिंगभोवतीचं कवच) तापतं, ग्रीस काळं पडतं. मेंटेनन्सवाला अधूनमधून येतो, ऑपरेटर आठ तास तिथेच असतो. म्हणूनच टीपीएममध्ये (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे देखभालीत ऑपरेटरलाही सामील करणारी पद्धत; ती जपानच्या निप्पॉनडेन्सोमध्ये घडली, 1971 साली कंपनीला त्यासाठी पुरस्कारही मिळाला) रोजची सफाई, तपासणी, ऑइलिंग आणि नट-बोल्ट आवळणं ऑपरेटरकडे असतं. सफाई म्हणजे खरं तर तपासणीच: फडकं फिरवताना तेलाची गळती, सैल बोल्ट, झिजलेला व्ही-बेल्ट सापडतो. मशीन बंद आणि लॉकआउट (कुणी चुकून चालू करू नये म्हणून स्विचला कुलूप) लावलेलं असतानाच हे करायचं. नट-बोल्टवर मार्करने एक सलग रेघ मारून ठेवा; रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. ग्रीस मात्र ठरल्यापेक्षा जास्त भरू नका, ते घुसळलं जाऊन बेअरिंग उलट तापतं. एक अट आहे. बिघाड दिसला तिथे ऑपरेटरने लावलेला लाल टॅग (दुरुस्ती हवी असं सांगणारी चिठ्ठी) मेंटेनन्सने आठवडेच्या आठवडे तसाच ठेवला, तर चांगला माणूसही टॅग लावणं सोडून देतो, आणि त्यात दोष त्याचा नसतो.