पायाळू बाळाच्या आईला

बाळा,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. ‘काकू, ३५ वा आठवडा चालू आहे, सोनोग्राफीत ब्रीच लिहिलंय, माझंच काही चुकलं का?’ फोन करणार होते, पण तुझी भीती रात्रीची आहे आणि रात्री फोनवरचं बोलणं आठवत नाही. म्हणून लिहून पाठवते. झोप लागली नाही की पुन्हा वाच.

ब्रीच म्हणजे बाळाचं डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली, एवढंच. तुझं काहीही चुकलेलं नाही. जिने चढलीस म्हणून नाही, डोहाळजेवणात झोपाळ्यावर बसलीस म्हणून नाही, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून तर मुळीच नाही. २८ व्या आठवड्यात चार-पाचांतलं एक बाळ डोकं वर करूनच बसलेलं असतं. पुढे बहुतेक फिरतात, आणि दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चार तशीच राहतात. कधी गर्भपिशवीचा आकार वेगळा असतो, कधी पाणी कमी किंवा जास्त असतं, कधी वार, म्हणजे प्लासेंटा, खाली असते. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही.

आपल्याकडे अशा बाळाला पायाळू म्हणतात. माझा धाकटा भाऊ पायाळू. गावात कुणाची कंबर धरली, उसण भरली की माणसं आमच्या दारात यायची, भावाने पाठीला पाय लावला की बरं वाटतं म्हणायची. पायाळूवर वीज पडते म्हणून वळवाच्या पावसात आई त्याला अंगणात जाऊ द्यायची नाही. हे सगळं खरं की खोटं, या वादात मी पडत नाही. पण त्या एका शब्दामागे किती बायका काय काय सोसून गेल्या, हे मी प्रसूतिकक्षात उभी राहिल्यावर कळलं. माझ्या आईला तिसरी कळ आल्यावर पाय दिसले, तेव्हा पहिल्यांदा समजलं. तुला पाच आठवडे आधी समजलंय. हे पाच आठवडे तुझ्या हातातले आहेत.

पोटावर हात ठेवून बघ. बरगड्यांखाली टणक, नारळासारखं गोल लागतं ना? ते डोकं. दोन्ही बाजूंनी हलकेच बोटं लावलीस तर ते एकटंच इकडून तिकडे हलतं, कारण खाली मान असते. ढुंगण मऊ लागतं आणि ढकललं तर सगळं बाळ सोबत सरकतं. लाथा ओटीपोटात, लघवीच्या पिशवीवर बसतात. तुला सारखं लघवीला जावं लागतं त्यात तुझ्या बाळाच्या टाचांचाही वाटा असणार. ओळख करून घे, पण हाताने फिरवायला जाऊ नकोस. आणि पोट चोळून बाळ सरळ करून देणारी कुणी बाई घरात आणली, तर तिला चहा पाजून परत पाठव. माझं हे एक अगदी हट्टाने ऐक. जोरात चोळल्याने वार सुटू शकते.

बाळ बाहेरून फिरवता येतं, पण ते दवाखान्यात, डॉक्टरच्या हातांनी. पहिलटकरणीत साधारण ३६ व्या आठवड्यापासून करतात. आधी सोनोग्राफी, बाळाचे ठोके, पिशवी सैल पडायचं इंजेक्शन, मग पोटावरून दोन्ही हातांनी बाळाला कोलांटी घालायला लावतात. दुखतं, फार दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचं, थांबतात. पहिल्या खेपेला दहातल्या चारेक जणींची बाळं अशी फिरतात. दोनशेत एखादीला लगेच सिझेरियन करावं लागतं, म्हणून ऑपरेशन थिएटर तयार असेल तिथेच हे करायचं. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू देऊ नकोस. सगळेच डॉक्टर हे करत नाहीत. तुझे करत नसतील तर कोण करतं, हे त्यांनाच विचार. चांगल्या डॉक्टरला त्या प्रश्नाचा राग येत नाही. गुडघे टेकून, छाती खाली घालून दहा मिनिटं राहण्याचा व्यायाम सगळ्या सांगतात. त्याने बाळ फिरतंच असा पुरावा नाही. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही आणि बरं वाटत असेल तर कर.

नाही फिरलं, तर बहुधा ३९ व्या आठवड्यात सिझेरियन ठरेल. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांचा एक मोठा अभ्यास आला. दिवस भरलेल्या पायाळू बाळांना ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये जन्माच्या वेळी धोका कमी, असं त्यात दिसलं, आणि जगभर पायाळू प्रसूती खालून करणारे हात कमी होत गेले. ती मुलं दोन वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता, हेही तितकंच खरं. म्हणून काही ठिकाणी, नीट निवड करून, अनुभवी डॉक्टर अजूनही खालून बाळंतपण करतात. पण तो अनुभव त्या रात्री ड्युटीवर असायला हवा. तशी खात्री नसेल तर मी माझ्या लेकीलाही सिझेरियनच सांगेन. ‘आजकालच्या मुलींना कळा नकोत’ असं कुणी म्हणालं तर उत्तर देत बसू नकोस. पोटावर टाके घेऊन तिसऱ्या दिवशी बाळाला पाजायला उठणारी बाई काय करते, ते मी रोज पाहिलंय. खर्चाची धास्ती असेल तर सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण आणि सिझेरियन मोफत आहे.

आता जे पाठ करून ठेवायचं ते. तारखेआधी पाणी सुटलं तर कळांची वाट बघायची नाही. कित्येक वर्षांपूर्वी मी तालुक्याला होते तेव्हा एकीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं. पहाटे पाणी सुटलेलं, आणि कळा याव्यात म्हणून घरच्यांनी तिला दुपारपर्यंत अंगणात फिरवलेली. तपासायला हात घातला तर नाळ खाली आलेली, बोटांना तिचे ठोके लागत होते. मी पलंगावर गुडघे टेकून बाळाचं ढुंगण आतून वर धरलं आणि तसंच स्ट्रेचरवरून थिएटरपर्यंत गेले. नाळ नुकतीच उतरली होती म्हणून बाळ वाचलं. डोकं खाली असलं की ते बुचासारखं बसतं, नाळेला वाट देत नाही. पायाळूत जागा मोकळी राहते. म्हणून पाणी सुटलं की डाव्या कुशीवर झोप, कमरेखाली उशी घे, १०८ ला किंवा गाडीवाल्याला फोन, आणि निघ. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर हात न लावता गुडघे टेकून डोकं खाली, कंबर वर. गाडीवाल्याचा नंबर आजच भिंतीवर लाव.

बाकीच्या काळज्या. ‘नाळ गळ्याभोवती’ असं रिपोर्टमध्ये आलं तर हादरू नकोस; चार-पाचांतल्या एका बाळाच्या गळ्याभोवती ती जन्मताना असते आणि बहुतेकदा सहज काढता येते. पाय सुजणं चालतं. पण चेहरा-हात एकाएकी सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी बीपी बघायचं. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटली तर ती नुसती कोरडी त्वचा समजू नकोस, रक्त तपासायला सांग. आणि हालचाल. शेवटच्या आठवड्यांत जागा कमी होते म्हणून बाळ कमी हलतं, हे खोटं आहे. तुझ्या बाळाची रोजची रीत तुला ठाऊक आहे. ती बदलली तर रात्रीचे तीन का असेनात, जायचं. मी चाळीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, उगाच आलेल्या एकाही बाईचा मला राग आला नाही.

रडू येतं म्हणालीस. ये की. पण रोज येत असेल, जेवण जात नसेल, मन कशातच लागत नसेल, तर डॉक्टरांना तेही सांग. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. जावईबापूंना नुसतं ‘काळजी करू नकोस’ म्हणू देऊ नकोस, त्यांना हे पत्र वाचायला दे.

जन्मल्यावर बाळाचे पाय काही दिवस कानांकडे वळलेले दिसू शकतील. पोटात तसंच बसलं होतं ना. ते आपोआप खाली येतात. तेल लावणाऱ्या मावशींना आधीच सांग, पाय ओढून सरळ करायचे नाहीत, आणि दुपट्यात पाय ताणून घट्ट गुंडाळायचं नाही. पायाळू बाळाचा खुब्याचा सांधा कच्चा राहण्याची शक्यता जास्त असते. साधारण सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी करून घे, बाळ कितीही छान पाय झाडत असलं तरी.

शुक्रवारी तपासणीला जाताना आईला सोबत ने आणि बाहेर बाकावर बसवू नकोस, आत घेऊन जा. बाळ फिरवायचं का, वार कुठे आहे, पाय वर आहेत की मांडी घातलीय, आधीच कळा लागल्या तर काय, हे चार प्रश्न कागदावर लिहून ने. संध्याकाळी मला कळव.

तुझी,
काकू