गळतंय की करतेय?

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या लघवीच्या तक्रारी सांगणाऱ्या पत्रांपैकी चार पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमची लॅब्रॅडोर ११ वर्षांची, वजन ३४ किलो. पिल्लं नकोत म्हणून लहानपणीच ऑपरेशन केलंय. महिनाभर झाला, झोपून उठली की गादी ओली. जागेपणी घरात कधीच करत नाही, फिरायला नेल्यावर नेहमीसारखी करते. सासूबाई म्हणतात, लाड फार झालेत, रात्री आठनंतर पाणी बंद करा. करावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाणी बंद करू नका आणि तिला ओरडूही नका. ती लघवी करत नाहीये, तिची लघवी गळतेय. इलाज या फरकावरच ठरतो. करणारी कुत्री जागा शोधते, बसते, झालं की बाजूला होते. गळणारीला पत्ताच नसतो. उठल्यावर ओल्या गादीचा वास घेऊन तीच बुचकळ्यात पडते.

ऑपरेशन झालेल्या मध्यम आणि मोठ्या जातीच्या माद्यांत हे बऱ्यापैकी आढळतं. अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू ढिला पडत जातो. ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीसुद्धा हे सुरू होतं. जागेपणी स्नायू कसाबसा धरून ठेवतो, झोपेत सैल सुटतो. जास्तीच्या वजनानं गळती वाढते, तेव्हा हलक्या हातानं चाचपून बरगड्या लागत नसतील तर खाणं मोजून द्या.

यावर औषध आहे आणि बहुतेक कुत्र्यांना ते लागू पडतं. फिनाइलप्रोपॅनोलामाइन किलोमागे साधारण १ ते २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. फरक काही दिवसांत दिसतो. त्यानं रक्तदाब वाढू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही तो तपासावा लागतो. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर हे टाळतात. दुसरा पर्याय इस्ट्रिऑल : सुरुवातीला रोज २ मिलिग्रॅम, मग गळती थांबेल तेवढ्यावर कमी करत आणायचं. दोन्ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. माणसांच्या सर्दीच्या गोळ्या ‘त्यातलंच काहीतरी’ म्हणून देऊ नका, त्यात बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं.

आधी मात्र लघवी तपासा, कारण ढिल्या स्नायूच्या जोडीला जंतुसंसर्ग असू शकतो. नमुना घ्यायचा सकाळच्या पहिल्या लघवीचा. लांब दांड्याची पळी उकळत्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. कुत्री बसली आणि धार सुरू झाली, की मगच पळी मागून सरकवा. आधी सरकवलीत तर ती उठून चालू लागेल. ५ ते १० मिलिलिटर पुरे. मेडिकलमधल्या निर्जंतुक डबीत भरून तासाभरात लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे. कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करायचं असेल तर हा नमुना चालत नाही. त्यासाठी डॉक्टर पोटातून सुईनं लघवी काढतात. बघायला भयंकर वाटतं, पण बहुतेक कुत्री हूं का चूं करत नाहीत.

प्रश्न : आमची कुत्री ९ वर्षांची, ऑपरेशन केलेलं नाही. आठवड्यापासून सारखं पाणी पिते, घरात मोठमोठी थारोळी करते. जेवण टाकलंय. माजावर येऊन दीड महिना झाला. वयामुळे असेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा अंक हातात पडेपर्यंत थांबायची ही गोष्ट नव्हे, म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं आहेच. इतरांसाठी : माजानंतर एक-दोन महिन्यांत तहान वाढली आणि अन्नावरची वासना गेली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका आधी घ्यायची. पू बाहेर दिसेलच असं नाही. तोंड बंद असलं तर तो आतच साचतो, आणि तेच जास्त धोक्याचं. त्याच दिवशी सोनोग्राफी, आणि निदान पक्कं झालं की शक्यतो तातडीनं ऑपरेशन.

तहान खरंच वाढलीय का हे अंदाजानं ठरवू नका. सकाळी आठला मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी आठला उरलेलं वजा करा. असं तीन दिवस. बाथरूमची बादली झाका, कुंड्यांखालच्या ताटल्या उचला. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे २० किलोच्या कुत्र्यानं दिवसाला २ लिटरहून जास्त पाणी प्यायलं, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) यांचा शोध घ्यावा लागतो. खाजेसाठी स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगा. त्यानंही तहान वाढते. अशा कुत्र्याचं पाणी तोडणं सर्वांत घातक. मूत्रपिंडं पाणी राखू शकत नाहीत म्हणून ते पितंय, आणि आपण तेच काढून घेतो.

प्रश्न : १२ वर्षांचा कुत्रा, खच्चीकरण केलेलं नाही. पाय वर करून बराच वेळ उभा राहतो, थेंब थेंब येतं, कधी लालसर. शीही चपटी होते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चपटी शी आणि लाल थेंब एकत्र असतील तर बोट प्रोस्टेटकडे जातं. वाढलेली ग्रंथी खालून गुदमार्गाला दाबते. साधी वाढ असेल तर खच्चीकरणानंतर काही आठवड्यांत ती आक्रसते; पण संसर्ग, गाठ किंवा खडा नाही ना, हे सोनोग्राफीत आधी पाहायला हवं. जोर करूनही काहीच येत नसेल, तर खड्यानं मार्ग बंद झाला असं धरून रात्री दोन वाजले असले तरी निघा.

प्रश्न : १४ वर्षांच्या आमच्या गावठी कुत्र्याचे मागचे पाय गेलेत. उठेपर्यंत होऊन जातं. डायपर लावतो, पण मांड्या लाल झाल्यात. घरभर फिनेल मारूनही वास जात नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : फिनेल आजच बंद करा. ते कुत्र्याला विषारी आहे. पंजांवरून चाटण्यात जातं, कातडीही भाजते. अमोनियाचे क्लीनरही नकोत. त्यांचा वास लघवीसारखाच, कुत्रा पुन्हा तिथेच करतो. फरशी आधी कोरडी टिपून घ्या, मग साबणाचं पाणी, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर, लेबलवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू देऊन. व्हिनेगरचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच; शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असेल तर मानू नका. हे चुन्याचे दगड, आम्लानं खाल्ले जातात आणि खरखरीत झालेली फरशी वास आणखी धरते.

डायपर दर तीन-चार तासांनी बदला, दिवसातून काही तास मोकळं ठेवा. लहान मुलांचा डायपर शेपटीसाठी भोक पाडून चालतो. भोकाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर आतली जेल बाहेर येते आणि तो ती खातो. नरासाठी कमरेभोवतीचा पट्टा जास्त सोयीचा. मांड्यांवरचे केस मशीननं बारीक करा, कोमट पाण्यानं धुवा, न घासता टिपा, पूर्ण सुकल्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. बाळांची रॅशची क्रीम वापरू नका. बऱ्याचशांत झिंक ऑक्साइड असतं, आणि तो चाटणार. पावसाळ्यात ओल्या कातडीवर माशी बसली की अळ्या पडतात. शेपूट उचलून रोज दोनदा बघा.

झोपायला गादीपेक्षा जाळीची किंवा नवारीची बुटकी खाट बरी, ओल खाली ठिबकते. खाली मेडिकलमधलं ६० बाय ९० सेंटिमीटरचं अंडरपॅड. खाटेपासून दारापर्यंत रबरी मॅट किंवा योगा मॅटच्या पट्ट्या टाका आणि पंजाखालचे वाढलेले केस कापा. पाय घसरायचा थांबला की काही कुत्री वेळेत दारापर्यंत पोचतात. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच, पोटाखालून टॉवेलची झोळी धरून बाहेर न्या.

एक तपासून घ्या : शेपूट लुळी पडलीय का, पंजा उलटा टेकतो का, उचलताना पोट दाबलं की धार येते का? तसं असेल तर तो उशिरा उठत नाहीये, मणक्यामुळे मूत्राशय रिकामं होत नाहीये आणि भरून सांडतंय. मूत्राशय हातानं दाबून रिकामं करण्याची पद्धत डॉक्टरांकडून समोर उभं राहून शिका. व्हिडिओ बघून नको. बंद मार्गावर जोर दिला तर ते फुटू शकतं. आणि सांधेदुखीवर घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात नको. मूत्रपिंडं जातात.