झाकण शोधणारी किटली आणि कागदाची सावली

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. जुन्या लग्नपत्रिका, पतंगाचे कागद आणि दिनदर्शिकेची पाने कापून मी एका किटलीची चित्रकथा करत आहे. हरवलेले झाकण शोधायला ही किटली घराबाहेर पडते आणि वाटेत तिला एक शेळी, एक छत्री आणि एक हट्टी ढग भेटतो. दर आठवड्याला एक भाग इंटरनेटवर द्यावा, अशी माझी इच्छा आहे. परंतु प्रत्येक चौकटीसाठी किटली नव्याने कापून चिकटवावी लागते, ती दर वेळी निराळी दिसते आणि मोबाइलने टिपल्यावर सगळे चित्र करडे व सपाट वाटते. हे सारे सरळ संगणकावर काढावे, असे सहकारी सुचवतात. हाताने करत राहावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य करत राहावे. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची किटली आणि पतंगाच्या पातळ कागदाचा पाऊस यांच्या पोतातला फरक वाचकाला पडद्यावरही जाणवतो आणि तुमच्या कथेतली गंमत बरीचशी त्या फरकावरच उभी आहे. बदलायची आहे ती एकच सवय : चिकटवण्याची घाई.

किटली एकदाच, पण सुट्ट्या भागांत कापा. पोट, तोटी आणि कडी वेगवेगळी ठेवा. डोळ्यांच्या चारपाच जोड्या आणि तोंडाचे तितकेच आकार करून ते एका पाकिटात जपा. पार्श्वभूमीच्या कागदावर हे तुकडे नुसते मांडायचे, छायाचित्र घ्यायचे आणि पुढच्या चौकटीसाठी तेच तुकडे हलवायचे. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस उतारवयात रंगवलेले कागद कापून चित्रे करत असे, तेव्हा तेही तुकडे आधी टाचण्यांनी भिंतीवर लावले जात आणि मनासारखी जागा सापडेपर्यंत हलवले जात. चिकटवण्याचे काम सर्वांत शेवटी होई. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी तर १९२६ साली पूर्ण लांबीचा सावलीपट याच वाटेने केला, ज्यातल्या कापीव आकृत्यांचे सांधे तारेने जोडलेले असत आणि प्रत्येक चित्रासाठी ते किंचित हलवले जात. तुमच्या किटलीला सांध्यांची गरज नाही, पण शेळीच्या पायांना ती नक्की भासेल. तेथे सुईने भोक पाडून दोऱ्याची गाठ मारली तरी पुरते. वारंवार हाताळल्याने कडा मळतात, म्हणून मुख्य पात्रांची एकेक जादा प्रत त्याच कागदातून कापून ठेवा.

आता करडेपणाविषयी. चौकटीत पांढरा कागद जास्त असला की मोबाइलचा कॅमेरा प्रकाश फार आहे असे समजून चित्र काळपट करतो, त्यामुळे टिपण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या पडद्यावरची उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. सपाटपणाचे कारण मात्र वेगळे आहे. डोक्यावरच्या दिव्याखाली तुकड्यांची सावली पडतच नाही. उत्तरेकडच्या खिडकीजवळ, एकाच बाजूने येणाऱ्या मवाळ उजेडात काम मांडा, मोबाइल कागदाला समांतर धरा आणि किटलीखाली पुठ्ठ्याचा दोनतीन मिलिमीटर जाडीचा लहान तुकडा ठेवा. तिच्या कडेला लागलीच बारीक सावली उमटेल. ही सावली सर्व चौकटींत एकाच बाजूला पडली पाहिजे, नाहीतर वाचकाला कारण न कळता काहीतरी खटकत राहते. घरोघरी असणाऱ्या पातळ स्कॅनरचा मोह टाळा, कारण त्यांतले बरेचसे काचेला टेकलेला भागच स्पष्ट टिपतात आणि उचललेली कड धूसर करतात. शिवाय झाकणाच्या दाबाने सगळे सुटे तुकडे सरकतात. संगणकावर चौकटी जोडाव्यात, उजेड सारखा करावा आणि संवाद बसवावेत. कृत्रिम सावली मात्र तेथे घालू नये, खऱ्या सावलीशेजारी ती लगेच उघडी पडते.

कागदाची निवड बोटांनी करा. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांनी दृष्टी गेल्यानंतरही कागद कापून चित्रे केली, हे या संदर्भात मला नेहमी आठवते. यंत्रावर झालेल्या कागदात तंतू मुख्यतः एका दिशेने बसलेले असतात, म्हणून तो एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा फाटतो. हातकागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असल्याने फाटलेली कड लोकरीसारखी मऊ निघते. पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेमुळे असा सुती चिंध्यांपासून केलेला कागद आपल्याकडे अनेकांच्या परिचयाचा आहे. वर्तमानपत्राचा कागद मात्र जपून वापरा, तो लवकर पिवळा पडतो आणि महिन्याभरानंतरच्या भागात त्याचा रंग जुळणार नाही. पतंगाचा कागद ओल्या खळीने रंग सोडतो, त्याला कोरडी गोंदकांडीच बरी.

दिनदर्शिकेच्या पानांबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. साधे रंगीत तुकडे वापरण्यात अडचण नाही, पण त्यावरचे ओळखू येणारे चित्र वा छायाचित्र दुसऱ्या कोणाचे असते आणि भारतीय कायद्यानुसार ते हक्क सर्वसाधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात. देवाचा मुखवटा कापून ढगाला लावण्याऐवजी स्वतः रंगवलेला कागद कापा.

मोबाइलवर वाचक चौकटी एकाखाली एक पाहतो, म्हणजे पुढचे चित्र त्याला आधी दिसत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात, त्यांचेही सामर्थ्य पुढचे चित्र असे आड ठेवण्यात आहे. झाकण सापडल्याचे चित्र म्हणूनच आदल्या चौकटीपासून पुरेसे खाली ठेवा आणि मध्ये नुसता रिकामा कागद दिसू द्या. अक्षरे मोठी असोत. तुमचे विद्यार्थी ती आजीच्या मोबाइलवर वाचणार आहेत.

किमान चार भाग तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नका, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत खंड पडणार नाही. आणि तो हट्टी ढग कात्रीने कापला असेल, तर एकदा हातकागद फाडून करून पाहा.