शूटिंगसाठी कानांचं गिअर हप्त्यावर घ्यावं का?

एका वाचकाने विचारलंय: नुकतीच नेमबाजी सुरू केलीय, इनडोअर रेंज, सध्या पॉइंट टू-टू पिस्तूल आणि पुढे 9 एमएम. आत्तापर्यंत रेंजवरचेच साधे इअरमफ (कानांवर बसणारे कप) वापरले, आता ब्लूटूथवाला इलेक्ट्रॉनिक सेट बारा हप्त्यांवर घ्यायचा विचार आहे. त्याची किंमत यांच्या पाच महिन्यांच्या बचतीएवढी, तर ब्लूटूथ नसलेला मधला इलेक्ट्रॉनिक सेट एका महिन्याच्या बचतीत बसतो. पत्नीचं म्हणणं, कानात घालायचे फोमचे प्लग पुरेत. इमर्जन्सी फंड फक्त दोन महिन्यांच्या खर्चाचा आहे.

आधी उत्तर देतो. हप्ता नको, मधला सेट रोख घ्या, आणि वहिनींचे फोम प्लगपण घ्या, कारण तुम्हाला दोन्ही लागणार आहेत.

आता कारण. इलेक्ट्रॉनिक मफमध्ये गोळीचा आवाज इलेक्ट्रॉनिक्स अडवत नाही, तो अडवतात कप आणि कपाच्या कडेची मऊ कुशन. बाहेरचे माइक आजूबाजूचं बोलणं आतल्या स्पीकरला देतात आणि आवाज साधारण 82 ते 85 डेसिबलच्या वर गेला की सर्किट तो दाबतं किंवा तोडतं, बस, एवढंच. सेल संपले तरी मफ कानाला तेवढंच वाचवतो. म्हणजे महागड्या सेटमध्ये जे पाचपट पैसे जातात त्यातले बरेचसे ब्लूटूथ, अॅप, बारीक डिझाइन यावर जातात, कान वाचवण्यावर नाही. उलट काही स्लिम कपवाल्या मॉडेलचं आवाज अडवण्याचं रेटिंग साध्या जाड मफपेक्षा कमी असतं, कारण रायफलच्या स्टॉकला (मागच्या दस्त्याला) गाल टेकवताना कप आडवा येऊ नये म्हणून तो पातळ केलेला असतो. तुम्ही पिस्तूलवाले, तुम्हाला ती अडचणच नाही, मग जाड कप बिनधास्त घ्या.

पण म्हणून इलेक्ट्रॉनिक्स उधळपट्टी आहे असं मी म्हणणार नाही. साध्या मफमध्ये रेंज ऑफिसरची कमांड नीट ऐकू येत नाही म्हणून लोक एक कप उचलतात आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या लेनमध्ये गोळी सुटते. कप उचलायची वेळच येऊ नये यासाठी ते पैसे आहेत, आणि ते वसूल होतात.

पाकिटावरच्या एनआरआर या आकड्याचं (मफ किंवा प्लग किती डेसिबल आवाज कमी करतो त्याचं रेटिंग) म्हणाल तर तो जाहिरातीतल्या परताव्यासारखा असतो, हातात कमीच पडतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी संस्थेने 1998 मध्ये मफच्या एनआरआरमधून चौथा हिस्सा आणि फोम प्लगच्या एनआरआरमधून निम्मा वजा करून धरायला सांगितलं होतं. म्हणजे 22 चा मफ साडेसोळा आणि 32 चा प्लग 16. आता 9 एमएमचा आवाज कानाशी 155-160 डेसिबलपर्यंत जातो, उघड्या कानाला 140 च्या पीकवर धोका धरतात, आणि इनडोअरमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो तो वेगळाच. त्यामुळे इनडोअरला आत प्लग आणि वर मफ, असंच करा. दोन्हींची बेरीज होत नाही हां, जास्त रेटिंगवाल्यात साधारण 5 डेसिबलची भर पडते, पण इतक्या मोठ्या आवाजात ती भर सोडायची नसते. मफचा व्हॉल्यूम थोडा वाढवला की प्लग घालूनही कमांड कळते.

खरेदीच्या वेळी मी एक गोष्ट सगळ्यात आधी बघेन: सेल बदलता येतो का. ट्रिपल ए सेलवाला सेट वर्षानुवर्षं चालतो. आतमध्ये सीलबंद लिथियम बॅटरी असली की ती काही वर्षांत दमते आणि बदलता येत नसेल तर अख्खा सेट जातो, मग वर्षामागे खर्च काढून बघा, महागडा सेट आणखी महाग पडतो. दुसरं, त्या मॉडेलची कुशन सुटी मिळतात का? मिळत नसतील तर तो सेट सोडून द्या.

कारण कुशन हाच संपणारा भाग आहे. घामाने आणि त्वचेच्या तेलाने ती कडक होतात, चिरतात, सील जातं, आणि तुम्हाला वाटतं मफ तर घातलाय. नियमित वापर असेल तर सहा महिने ते वर्षभरात बदला. घरी तपासायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स बंद करून मफ घाला, शेजारी पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा आणि दोन्ही कप तळव्यांनी दाबा, दाबल्यावर आवाज ठळक कमी झाला तर सील गळतंय. शूटिंगचा चष्मा घालूनच ही टेस्ट करा, जाड काडीमुळे नेमकी तिथेच फट पडते. पुसायला सौम्य साबणाचं ओलसर फडकं, माइकमध्ये पाणी जाऊ द्यायचं नाही. बरेच दिवस रेंजला जाणार नसाल तर सेल काढून ठेवा, अल्कलाइन सेल गळले की कॉन्टॅक्ट खाऊन टाकतात. बँड ताणून बॅगेत कोंबू नका.

पैशांची मांडणी अशी करा. या महिन्याच्या बचतीतून सेट आणि प्लगचा डबा. पुढच्या महिन्यापासून सगळी बचत इमर्जन्सी फंडात, तो सहा महिन्यांचा होईपर्यंत, फक्त त्यातून कुशन-सेलसाठी किरकोळ रक्कम बाजूला. आणि ब्लूटूथचे जे पैसे वाचले त्यातला छोटा भाग एका ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीवर) घाला, म्हणजे आजचं ऐकणं कागदावर येईल आणि दरवर्षी त्याच्याशी ताडून बघता येईल. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि श्रवणयंत्राला या सेटच्या कितीतरी पट खर्च, तोही काही वर्षांनी पुन्हा. मनापासून सांगतो, इथे कंजुषी करू नका, फक्त पैसा योग्य जागी घाला.

सेट येईपर्यंत रेंजवरचा मफ घालणार असाल तर आधी त्याच्या कुशनवरून बोट फिरवा, चीर लागली तर दुसरा मागा, आणि आत प्लग घाला. प्लग बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत सारा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा.