१९६५ ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी), पण फोर्डचं नवं कोयोटी V8 इंजिन, डिस्क ब्रेक आणि एसी टाकलेली विकायला आहे. घ्यावी का?

चालवायला घेत असाल तर बिनधास्त घ्या, पण आधी चासी नंबर बघा. त्यात वर्षाच्या आणि कारखान्याच्या खुणेनंतर ०८ असेल तरच ती फोर्डने बनवलेली कन्व्हर्टिबल, ०७ म्हणजे साधी कूपे (पक्क्या छपराची), कोणीतरी छप्पर कापलंय, आणि कन्व्हर्टिबलला खाली जे जास्तीचं मजबुतीकरण असतं ते तिला नसणार, मग गाडी मधेच वाकायला लागते, दरवाजे नीट लागत नाहीत वगैरे.

दुसरं म्हणजे गंज. पुढच्या काचेखालचा काउल (बाहेरची हवा आत घेणारा पत्र्याचा भाग) आतून सडतो आणि पाणी थेट पायात (वरून रंग मस्त चकाचक असतो हां).

ब्रेकचं अपग्रेड मात्र हवंच, कारण मूळ गाडीत एकच ब्रेक सर्किट, कुठेही पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

कोयोटी इंजिन रुंद असतं, ते बसवायला सहसा पुढचे शॉक टॉवर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे उंचवटे) कापून सस्पेन्शन बदलावं लागतं, तेव्हा ते वेल्डिंग कोणी केलं, बिलं, फोटो आहेत का ते मागा. नसतील तर मी तरी सोडून देईन.