नोंदणी झाली म्हणजे बक्षीसपत्र शाबीत झाले असे नाही

प्रश्न : वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. ते गेल्यावर भावाने तीन एकर जमिनीचे नोंदणीकृत बक्षीसपत्र पुढे केले. त्यावर वडिलांचा अंगठा आहे, मात्र ते आयुष्यभर सही करत आले. सातबाऱ्यावर भावाचे नाव लावणारा फेरफारही मंजूर झाला. माझा हक्क गेला का?

उत्तर : ताई, हक्क गेला असे समजून गप्प बसू नका. फेरफार महसुलापुरता असतो, त्याने मालकी ठरत नाही.

आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल काढा आणि शेवटची पाने नीट वाचा. वडील कार्यालयात गेले होते की अधिकारी घरी आले, हे तिथल्या शेऱ्यात दिसते. त्या तारखेला ते दवाखान्यात असतील, तर केसपेपर आजच मिळवा. नुसत्या अंगठ्यावर मात्र दावा उभा करू नका. लुळ्या हाताचा माणूस अंगठाच देतो.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे दस्तावर किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन, म्हणजे दस्त करून दिल्याची साक्ष म्हणून सही, केलेले लागते. नोंदणीवेळी ओळख पटवणारे दोघे म्हणजे आपोआप हे साक्षीदार नव्हेत. इथे बरेच जण फसतात. तुम्ही कैफियतीत (भावाच्या दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) किंवा स्वतःच्या दाव्यात वडिलांनी दस्त करून दिल्याचे स्पष्ट शब्दांत नाकारा. 'दस्त मान्य नाही' असे मोघम लिहिले, तर साक्षीदार न बोलावताच भावाचे भागू शकते. स्पष्ट नकार असेल, तर हयात साक्षीदारापैकी निदान एकाला पिंजऱ्यात आणा असा आग्रह धरता येतो, आणि उलटतपासणीत खरे बाहेर येते. भावाने वडील हयात असतानाच बक्षीस स्वीकारले होते, हेही दिसावे लागते. ताबा दिला नव्हता, एवढ्या मुद्द्यावर मात्र विसंबू नका. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बक्षिसाला ताबा आवश्यक नसल्याचे म्हटले आहे.

खरी कळ जमिनीच्या मुळात आहे. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल, तर इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय वडिलांना आपला अविभक्त हिस्साही बक्षीस देता येत नाही, आणि २००५ पासून मुलगीही सहहिस्सेदार आहे. वडिलांनी स्वतः घेतलेली असेल, तर सगळी भिस्त दस्तावर. म्हणून आजोबांच्या नावापासूनचे जुने सातबारा आणि फेरफार काढा.

दस्त रद्द करून घ्यायला तो कळल्यापासून ३ वर्षे मिळतात. तोवर भावाने पुढे केलेल्या कुठल्याही हक्कसोड पत्रावर सही करू नका.