क्रॅब पल्सार मधूनच हजारपट प्रखर का होतो?

नेमकी यंत्रणा अजून कोणालाही पक्की सांगता आलेली नाही. पण जे मोजलंय तेच थक्क करणारं आहे.

क्रॅब पल्सार हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा. तो स्वतःभोवती सेकंदाला साधारण 30 फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत आपल्याकडे रेडिओ लहरींचे स्पंद येतात. बहुतेक स्पंद किरकोळ, पण मधूनच एखादा सरासरीच्या शेकडो, कधी हजारो पट दांडगा येतो. यांना 'महाकाय स्पंद' म्हणतात. 1968 मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीला हा पल्सार सापडला तोच मुळी अशा सुट्या स्पंदांमुळे. त्याची नियमित लय नंतर कळली.

खरी गंमत त्यांच्या कालावधीत आहे. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीवर खगोलशास्त्रज्ञ हॅन्किन्स आणि सहकाऱ्यांना एकाच स्पंदात जेमतेम 2 नॅनोसेकंदांचे तुकडे दिसले (2003). तेवढ्या वेळात प्रकाश 60 सेंटिमीटर जातो. उगम याहून फार मोठा असता, तर त्याच्या वेगवेगळ्या भागांतला प्रकाश मागेपुढे पोचून तुकडा लांबला असता. म्हणजे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरची ती ठिणगी ढोबळमानाने अभ्यासाच्या टेबलाएवढ्या जागेतून निघाली! एवढ्याशा जागेतून इतकी ऊर्जा म्हणजे असंख्य विद्युतभारित कण एका तालात लहरी सोडत असणार. तो ताल कोण जुळवतं, इथे मात्र सिद्धांतवाल्यांची भांडणं आहेत.

हे टिपायला अवाढव्य दुर्बीणच हवी असं नाही. 15 मीटरच्या तबकडीनेही यातले सर्वांत जबरदस्त स्पंद पकडता येतात. मोबाइल टॉवरचा गोंगाट वेगळा कसा काढायचा? अवकाशातल्या इलेक्ट्रॉनांमुळे खऱ्या स्पंदाच्या कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोचतात. क्रॅबसाठी तो उशीर किती, हे आधीच ठाऊक असतं; जवळच्या टॉवरच्या गोंगाटात तो नसतो.